व्होल्टेज डिव्हायडर: दोन रेझिस्टर आणि न दिसणारा तिसरा

सातपूरला राहणारा माझा भाचा नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो एक ब्रेडबोर्ड, ९ व्होल्टची बॅटरी आणि खेळण्यातली छोटी मोटर घेऊन माझ्याकडे आला. मोटर साडेचार व्होल्टची होती. त्याने १ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले होते, मधल्या सांध्यातून वायर काढली होती आणि मीटर लावून खात्रीही केली होती. मीटर बरोबर साडेचार दाखवत होता. मोटर जोडली की मात्र ती जागची हलत नव्हती. "मामा, गणित बरोबर आहे, मीटर पण बरोबर दाखवतोय, मग मोटर का फिरत नाही?"

त्याचं गणित खरंच बरोबर होतं. पण मोटर जोडल्यावर सर्किटमध्ये दोन रेझिस्टर उरत नाहीत, तीन होतात, आणि तिसऱ्याचा हिशोब त्याने धरला नव्हता. एकापुढे एक जोडलेल्या दोन रेझिस्टरांत व्होल्टेज वाटून मधून हवं तेवढं काढणाऱ्या या जोडणीला व्होल्टेज डिव्हायडर म्हणतात. तो शिकवताना बहुतेक ठिकाणी सूत्र सांगून विषय संपवतात आणि हा तिसरा रेझिस्टर राहून जातो. म्हणून सूत्र इथे लवकर उरकतो आणि त्या तिसऱ्यावर जास्त वेळ थांबतो. शेवटी दोन खऱ्या कामांची सर्किटं करू: एक बाईकच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लक्ष ठेवणारं आणि दुसरं निफाडकडच्या द्राक्षबागेत पहाटेची थंडी मोजणारं.

समोर काय काय हवं

एक ब्रेडबोर्ड, एक डिजिटल मल्टिमीटर, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, थोड्या जंपर वायरी. रेझिस्टर पाव वॅटचे: १ किलो, १० किलो, २२ किलो आणि १ मेगाओहम, प्रत्येकी चार-पाच. एक १० किलोचा पॉट, म्हणजे दांडा फिरवून रोध बदलता येणारा पोटेन्शिओमीटर. हे सगळं नाशिकमध्ये एम. जी. रोडच्या परिसरात सहज मिळतं. दुकानदाराला 'वन के, टेन के, ट्वेंटी-टू के' असं सांगितलं की पुरे. मिळत असतील तर निळ्या अंगाचे, एक टक्क्याचे (म्हणजे छापील रोधापासून एक टक्क्याहून जास्त न ढळणारे) मेटल फिल्म मागा. त्याचं कारण पुढे बॅटरीच्या भागात येईल.

साध्या पाच टक्क्यांच्या रेझिस्टरवरचे पट्टे असे: १ किलोला तपकिरी-काळा-लाल, १० किलोला तपकिरी-काळा-नारिंगी, २२ किलोला लाल-लाल-नारिंगी आणि शेवटी सोनेरी. तपकिरी आणि लाल ट्यूबलाइटखाली फसवतात, म्हणून बोर्डवर लावण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरने मोजून घ्यायची सवय लावा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पुढचा अर्धा तास वाचतो.

ब्रेडबोर्डची एक गोष्ट आधीच सांगतो. मधल्या भागात पाच-पाच भोकांची रांग आतून जोडलेली असते. कडेच्या लांब पट्ट्या बॅटरीसाठी असतात, पण काही बोर्डांत ही पट्टी मध्यावर तुटलेली असते. एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रेझिस्टर लावून 'काहीच चालत नाही' म्हणणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत. पट्टी अखंड आहे का, हे मीटरच्या बीपवर एकदा तपासा.

व्होल्टेज नेहमी कशापासून तरी मोजायचं असतं

गोदावरीला पूर आला की नाशिककर एकमेकांना एकच प्रश्न विचारतात: दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं? पायाला लागलं, कमरेला लागलं की छातीवर चढलं, त्यावरून पुराचा अंदाज सगळ्या गावाला येतो. ही मोजणी चालते, कारण नदीपात्रात उभा असलेला हा मारुती जागचा हलत नाही. त्याचे पाय म्हणजे शून्य, तिथून वर मोजायचं.

व्होल्टेजचंही तसंच आहे. 'या वायरवर ५ व्होल्ट आहेत' हे वाक्य अर्धवट आहे. कशाच्या तुलनेत ५, हे ठरल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आपण बॅटरीचं ऋण टोक शून्य मानतो आणि त्याला ग्राउंड म्हणतो. मीटरची काळी प्रोब तिथे ठेवायची आणि लाल प्रोबने बाकीची ठिकाणं मोजायची. शाळेच्या पुस्तकात व्होल्टेजला विभवांतर म्हणतात आणि तो शब्द फार नेमका आहे: दोन ठिकाणांच्या विभवांमधला फरक.

आता रामकुंडाकडे उतरणाऱ्या घाटाच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणा. वरून नदीपर्यंतची एकूण उंची ठरलेली आहे. ती उतरायला दोनच पायऱ्या असत्या, एक उंच आणि एक बुटकी, तर उंच पायरीवर जास्त उतार संपला असता आणि बुटकीवर कमी. वरून तांब्याने पाणी ओतलं, तर वरच्या पायरीवरून जेवढं पाणी येतं तेवढंच खालच्या पायरीवरून जातं, मध्ये ते कुठे मुरत नाही. एकापुढे एक जोडलेल्या रेझिस्टरांत करंट असाच असतो. दोघांमधून तोच करंट जातो आणि ज्याचा रोध मोठा त्याच्यावर व्होल्टेज जास्त खर्च होतं. मधल्या पायरीची उंची म्हणजे डिव्हायडरचं आउटपुट.

ही उपमा एका ठिकाणी तोकडी पडते. घाटाची पायरी पाणी वाढलं म्हणून उंच-बुटकी होत नाही. सर्किटमध्ये मात्र मधल्या पायरीवरून कोणी पाणी वळवून घेतलं की त्या पायरीची उंचीच बदलते. भाच्याची मोटर तिथेच अडली होती.

आधी भाकीत, मग मोजणी

पहिल्यांदा बॅटरी एकटी मोजा. डब्यावर ९ लिहिलेलं असलं, तरी नवी बॅटरी बहुधा सव्वानऊ-साडेनऊ दाखवते आणि वापरलेली आठवरही येते. तुमचा आकडा वहीत लिहा. पुढची उदाहरणं मी नेमके ९ धरून सांगतोय, तुम्ही तुमचा आकडा घालून हिशोब करा.

आता १० किलोचे दोन रेझिस्टर घ्या. पहिल्याचं एक टोक धन पट्टीवर आणि दुसरं एका मोकळ्या रांगेत. दुसऱ्या रेझिस्टरचं एक टोक त्याच रांगेत आणि उरलेलं टोक ऋण पट्टीवर. वरच्याला आर१ म्हणू, खालच्याला आर२. दोघं जिथे भेटतात ती रांग म्हणजे आउटपुट.

मोजण्याआधी वहीत भाकीत लिहा. रोध सारखे आहेत, म्हणून व्होल्टेज निम्मं: ४.५. मग काळी प्रोब ऋण पट्टीवर, लाल प्रोब मधल्या रांगेवर. साडेचारच्या आसपास आकडा आला, तर पुढे चला. शून्य आला, तर आर१ची बाजू कुठेतरी सुटली आहे. पूर्ण ९ आला, तर आर२चं खालचं टोक ग्राउंडला पोचलेलं नाही. हे दोन बिघाड लक्षात ठेवा. यातला दुसरा पुढे महागात पडू शकतो.

पुढची मांडणी: आर१ म्हणून २२ किलो, आर२ म्हणून १० किलो. एकूण ३२ किलो, त्यातला खालचा वाटा १०. म्हणजे ९ × १० ÷ ३२ = २.८१ व्होल्ट. मोजा. मग दोघांची जागा बदला आणि पुन्हा मोजण्याआधी भाकीत करा: ९ × २२ ÷ ३२ = ६.१९. दोन्ही उत्तरं मिळवली की ९ होतात. हे किर्खहॉफने १८४५ मध्ये मांडलेल्या नियमाचंच रूप आहे: वाटेत खर्च झालेल्या सगळ्या व्होल्टेजची बेरीज बॅटरीएवढी भरते.

सूत्र आता आपोआप तयार झालं:

आउटपुट = इनपुट × आर२ ÷ (आर१ + आर२)

ते पाठ करायची गरज नाही, कारण ते ओहमच्या नियमातून दोन ओळींत निघतं. करंट म्हणजे इनपुट भागिले एकूण रोध. तो करंट आर२मधून जातो, म्हणून आर२वरचं व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले आर२. जॉर्ज ओहमने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेलं नातं इथे दोनदा वापरलं, एवढंच. वरच्या पहिल्या मांडणीत करंट ९ ÷ २०,००० म्हणजे ०.४५ मिलिअँप आहे. हा आकडा तुम्हीही काढून ठेवा. डिव्हायडरमधून किती करंट वाहतोय याची कल्पना नसेल, तर पुढची गोष्ट समजणार नाही.

पॉट हाही डिव्हायडरच असतो, फक्त त्याचा मधला सांधा सरकता असतो. कडेचे दोन पाय धन आणि ऋण पट्टीवर लावा, मधला पाय मोजा आणि दांडा फिरवा. आउटपुट ० ते ९ असं सलग सरकतं. जुन्या रेडिओचा आवाज याच युक्तीने कमी-जास्त व्हायचा. दुकानात ज्याला प्रीसेट म्हणतात, तो याचाच स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा धाकटा भाऊ.

तिसरा रेझिस्टर

पुन्हा १० किलोच्या दोन रेझिस्टरांवर या. आउटपुट साडेचार. आता आणखी एक १० किलोचा रेझिस्टर मधल्या रांगेपासून ऋण पट्टीपर्यंत लावा. मोटर, एलईडी, सेन्सर, मायक्रोकंट्रोलरची (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या चिपची) पिन, जे काही तुम्ही आउटपुटला जोडणार आहात, त्याच्या जागी हा रेझिस्टर उभा आहे असं समजा. हाच लोड.

मीटर बघा. साडेचारवरून थेट ३ वर आला असेल.

असं झालं, कारण आर२ आणि लोड आता शेजारी-शेजारी आहेत आणि करंटला खाली जायला दोन वाटा मिळाल्या आहेत. १० किलोच्या शेजारी १० किलो म्हणजे दोघांचा मिळून ५ किलो. खालची पायरी निम्मी झाली. ९ × ५ ÷ १५ = ३. आता लोड म्हणून १ किलो लावा. १० किलो आणि १ किलो शेजारी म्हणजे साधारण ९०९ ओहम. आउटपुट ९ × ९०९ ÷ १०,९०९ म्हणजे जेमतेम पाऊण व्होल्ट.

भाच्याच्या मोटरचा रोध मी मोजला. थांबलेल्या अवस्थेत तो १० ओहमच्या आसपास होता. १ किलोच्या शेजारी १० ओहम म्हणजे ९.९ ओहम. आउटपुट ९ × ९.९ ÷ १,००९.९, म्हणजे ०.१ व्होल्टपेक्षाही कमी. मीटर लावला तेव्हा साडेचार होते, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही. मोटर जोडली त्या क्षणी ते साडेचार उरलेच नाहीत. त्यालाच मोटर जोडलेली असताना मधला सांधा मोजायला लावला. आकडा पाहून तो बराच वेळ गप्प होता, मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे मोटर पण रेझिस्टरच आहे."

कामापुरता नियम असा: लोडचा रोध आर२च्या निदान दहापट हवा. तेवढा असेल, तर आउटपुट फार तर काही टक्के घसरतं. थोडं खोलात जायचं असेल, तर आर१ आणि आर२ शेजारी-शेजारी मांडून जो रोध येतो तो डिव्हायडरचा स्वतःचा आतला रोध. दोन १० किलोंचा तो ५ किलो. हा आकडा लोडपुढे जितका लहान, तितकं आउटपुट घट्ट राहतं.

"मग रेझिस्टरच छोटे घेऊ या की" असा विचार इथे येतोच. करून बघू. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ५ व्होल्ट काढून मोबाइल चार्ज करायचा आहे, फोन १ अँप घेतो. त्याच नियमाने डिव्हायडरमधून सतत १० अँप, म्हणजे फोनच्या दहापट, वाहते ठेवावे लागतील. १२ × १० म्हणजे १२० वॅट, फोन लावलेला असो वा नसो, आणि ती नुसती उष्णता. इतकंच कशाला, १० ओहमचे दोन रेझिस्टर १२ व्होल्टवर लावले, तर ०.६ अँप वाहतो आणि प्रत्येकावर ३.६ वॅट पडतात. पाव वॅटचा रेझिस्टर काही सेकंदांत काळा होतो. हे करून पाहू नका, वास घरभर दोन दिवस राहतो.

म्हणून काही चालवायचं असेल, तर ७८०५ (स्थिर ५ व्होल्ट देणारी रेग्युलेटर चिप) किंवा बक कन्व्हर्टर (फारशी वीज वाया न घालवता व्होल्टेज खाली आणणारं सर्किट) लावा. डिव्हायडर फक्त व्होल्टेजची बातमी पुढे पोचवायला वापरा: एखादी पिन नुसती बघणार असेल, मोजणार असेल, तिथे तो चोख काम करतो.

आणि २३० व्होल्टवर हा प्रयोग नको. घरच्या मेन्सचं शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातं, पाव वॅटचे साधे रेझिस्टर तेवढ्यासाठी बनवलेले नसतात आणि डिव्हायडर तुम्हाला लाइनपासून वेगळं ठेवत नाही. बोट लागलं की तिसरा रेझिस्टर तुमचं शरीर असतं.

मीटरही लोडच आहे

१ मेगाओहमचे दोन रेझिस्टर लावून साडेचार मिळतात का बघा. बऱ्याच चांगल्या डिजिटल मीटरांचा आतला रोध १० मेगाओहम असतो. ते सुमारे ४.२९ दाखवतील. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त मीटरांचा रोध १ मेगाओहमच असतो. ते चक्क ३ दाखवतील. सर्किट तेच, मीटर वेगळा, आकडा वेगळा. आपला मीटर कोणत्या जातीचा आहे हे कळायला याहून सोपी परीक्षा नाही.

यातून किती रोधाचे रेझिस्टर निवडायचे याची दिशा मिळते. फार लहान रेझिस्टर घेतले की बॅटरी फुकट रिकामी होते आणि ते तापतात. फार मोठे घेतले की मीटर, पिन, धूळ, ओल, कोणीही आकडा वाकवतं. बहुतेक मोजणीच्या कामात आर१ आणि आर२ मिळून १० ते १०० किलोओहममध्ये ठेवले की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

पहिलं काम: १२ व्होल्टच्या बॅटरीवर नजर

पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टर किती टिकेल, हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. आर्डुइनो ऊनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डची अ‍ॅनलॉग पिन ० ते ५ व्होल्ट मोजते. बॅटरी विश्रांतीत, पूर्ण भरलेली असताना १२.६ च्या आसपास असते आणि चार्जिंगला लावली की १४.४ पर्यंत चढते. हिशोब १२ धरून करायचा नाही. जास्तीत जास्त जे येऊ शकतं ते धरायचं, वर थोडी जागा ठेवायची. मी १६ धरतो.

१६ चे ५ करायचे, तर खालचा वाटा ५ ÷ १६ म्हणजे ०.३१२५ हवा. आर१ २२ किलो, आर२ १० किलो: १० ÷ ३२ बरोबर ०.३१२५. नशिबाने बाजारात मिळणाऱ्या रेझिस्टरांतच बसलं. १४.४ ला पिनवर ४.५ येतील, १२.६ ला ३.९४. वाया जाणारा करंट ०.४ मिलिअँपपेक्षा कमी, इन्व्हर्टरच्या बॅटरीला तो जाणवणारही नाही. आतला रोध २२ आणि १० शेजारी, म्हणजे ६.९ किलो. ऊनोवरच्या चिपला समोरचा रोध १० किलोपर्यंत असलेला चालतो, तेव्हा तेही जमलं. पिनपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा, '१०४' छापलेला सिरॅमिक कपॅसिटर लावा, म्हणजे आकडा नाचत नाही.

आता अचूकतेचं. पाच टक्क्यांचे रेझिस्टर घेतले आणि एक वरच्या टोकाला, दुसरा खालच्या टोकाला निघाला, तर वाटा ०.२९१ ते ०.३३४ यांमध्ये कुठेही जाऊ शकतो. १२.६ वर ही पाऊण व्होल्टहून जास्त चूक झाली. लेड-अ‍ॅसिड बॅटरी विश्रांतीत १२ वर आली, तर ती निम्म्याहून बरीच खाली गेलेली असते. म्हणजे चुकीचा आकडा अर्धमेली बॅटरी भरलेली दाखवू शकतो. एक टक्क्याचे रेझिस्टर घ्या किंवा आहेत ते मीटरने मोजून तेच आकडे प्रोग्राममध्ये लिहा. मी दोन्ही करतो.

दुसरी चूक जास्त लपलेली आहे. ऊनो मोजणी करताना स्वतःच्या ५ व्होल्टशी तुलना करतो आणि त्याचे १,०२४ भाग पाडतो. पण यूएसबीवरून येणारे ५ खरे ५ नसतात, कधी ४.८, कधी ५.१. पट्टीच आखूड झाली, तर कापड लांब भरतं. यावर उपाय म्हणून ऊनोच्या पोटातला १.१ व्होल्टचा संदर्भ वापरा आणि डिव्हायडर १५० किलो व १० किलोचा करा. वाटा एक सोळांश, १६ व्होल्टला पिनवर १. तो आतला १.१ही चिपगणिक थोडा वेगळा असतो, म्हणून एकदा खऱ्या मीटरशी ताडून गुणक दुरुस्त करायचा. पण तो यूएसबीवर डोलत नाही.

आणि मघाशी म्हटलेला तो बिघाड. आर२चा ग्राउंडकडचा सांधा सुटला, तर वाटणी थांबते आणि बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज पिनकडे धावतं. आर१ २२ किलोचा असेल, तर पिनच्या आतल्या संरक्षक डायोडमधून अर्ध्या मिलिअँपपेक्षा कमी करंट जातो आणि पिन बहुधा वाचते. त्याच वाटणीसाठी २२० आणि १०० ओहम घेतले असते, तर ३० मिलिअँपपेक्षा जास्त गेला असता. मोठे रेझिस्टर घेण्याचं हे एक कारण फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. तरीही आर२चा सांधा ब्रेडबोर्डवर कायमचा ठेवू नका, सोल्डर करा. बॅटरीच्या धन टोकाजवळ छोटा फ्यूज लावा, कारण शॉर्ट झाला तर १२ व्होल्टची बॅटरी वायर वितळवू शकते.

ऊनोऐवजी ईएसपी-३२ हा दुसरा मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरत असाल, तर पिनची मर्यादा ३.३ व्होल्ट आहे. ४७ किलो आणि १० किलो घ्या: १५ व्होल्टला २.६३ येतात. वरच्या टोकाकडे त्याची मोजणी वाकडी होते, म्हणून ही मोकळी जागा मुद्दाम ठेवली आहे. पाण्याच्या टाकीसाठी ५ व्होल्टवर चालणारा अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा) सेन्सर ईएसपी-३२ला जोडायचा असेल, तर त्याची एको पिन, म्हणजे ५ व्होल्टचा सिग्नल देणारी पिन, १ किलोचे तीन रेझिस्टर वापरून खाली आणा: एक वर, दोन एकापुढे एक खाली. ५ चे ३.३३ होतात.

दुसरं काम: निफाडची पहाट

निफाड तालुक्यात हिवाळ्यात पारा राज्यातल्या नीचांकी आकड्यांत जाऊन बसतो. द्राक्षाच्या मण्यांना ती थंडी सोसत नाही. बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकचं पाणी सोडतात. कधी उठायचं हे कळण्यासाठी बागेतलं तापमान शेडमध्ये दिसलं, तर झोप तरी मिळते.

यासाठी १० किलोचा एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा रेझिस्टर लागतो, ३९५० बीटाचा (तापमानागणिक रोध किती झपाट्याने बदलतो ते बीटा सांगतो). तो २५ अंशांना १० किलो असतो आणि थंडी वाढली की त्याचा रोध वाढतो: ५ अंशांना साधारण साडेपंचवीस किलो, ० अंशाला ३३ किलोच्या आसपास. डिव्हायडरमध्ये आर१च्या जागी थर्मिस्टर, आर२च्या जागी साधा रेझिस्टर.

तो साधा रेझिस्टर कितीचा? सवयीने सगळे १० किलो लावतात, कारण थर्मिस्टरच्या पाकिटावर १० लिहिलेलं असतं. पण आपल्याला २५ अंशांत रस नाही, ० ते १० मध्ये आहे. ज्या तापमानाची काळजी आहे, तिथे थर्मिस्टरचा जो रोध असेल, त्याच्या जवळचा आर२ निवडला की आउटपुट तिथे सगळ्यात जास्त सरकतं. करून बघा: ५ व्होल्टवर १० किलो लावला, तर ५ अंशांपासून ० पर्यंत आउटपुट १.४१ वरून १.१६ वर येतं, पाव व्होल्टचा फरक. २२ किलो लावला, तर २.३२ वरून २.०० वर, म्हणजे ०.३२. एक रेझिस्टर बदलून मोजणी चांगल्या पाव हिश्श्याने सुधारली.

इथे बॅटरीच्या उलट एक सोय आहे. डिव्हायडरला आणि ऊनोच्या तुलनेला तेच ५ व्होल्ट दिले, तर ते ५ चे ४.८ झाले तरी बिघडत नाही. आउटपुटही त्याच प्रमाणात घटतं आणि पट्टीही, त्यामुळे आकडा तोच राहतो. म्हणून इथे १.१ चा संदर्भ वापरायचा नाही.

बागेपासून शेडपर्यंत तीस-चाळीस मीटर वायर गेली, तरी तिचे काही ओहम २२ किलोपुढे नगण्य आहेत. पंप सुरू-बंद होताना वायरमध्ये गडबड शिरते, म्हणून दोन तारा एकमेकींभोवती पिळून घ्या आणि १०४चा कपॅसिटर पिनपाशी लावा.

खरा शत्रू दव आहे. थर्मिस्टरच्या दोन उघड्या पायांवर ओल आणि फवारणीचा थर बसला की त्यांच्यामध्ये एक न दिसणारा रेझिस्टर तयार होतो, आपला जुना तिसरा. तो १०० किलोचा धरला, तर ५ अंशांना साडेपंचवीस किलोचा थर्मिस्टर वीस किलोसारखा वागतो आणि शेडमध्ये जवळजवळ १० अंश दिसतात. थंडी मणी तडकवत असते आणि यंत्र शांत असतं. ही चूक नेमकी उलट्या दिशेची आहे, म्हणून तिला माफी नाही. प्रत्येक पायावर वेगळी हीटश्रिंक (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी) नळी चढवा, वर दोघांवर मिळून गोंदवाली हीटश्रिंक आणि टोकाला इपॉक्सी. थर्मिस्टर द्राक्षाच्या घडाच्या उंचीवर, सावलीत टांगा.

बसवण्याआधी एका पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घाला, थर्मिस्टर त्यात बुडवा आणि पाच मिनिटं ढवळत राहा. मधल्या सांध्यावर २ व्होल्टच्या आसपास आकडा स्थिरावला पाहिजे. तो लिहून ठेवा. मग थर्मिस्टर रात्रभर पाण्यात तसाच सोडा आणि सकाळी नवा बर्फ घालून पुन्हा मोजा. आकडा वर सरकला असेल, तर पाणी आत गेलंय: सील काढा आणि पुन्हा करा.